डोंगर म्हणतो जड हो, रूळ म्हणतात हलकं राहा : नॉर्वेच्या 'डोव्रेगुबेन' इंजिनांची गोष्ट

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते ती वडे खाण्यासाठीच, असा लहानपणी अनेकांचा समज असतो. खरी घडामोड गाडीच्या शेपटाशी चाललेली असते. तिथे मागून ढकलणारी इंजिनं जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. बोरघाट चढून गाडी वर आली की ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परततात.

चढ आला की जादा इंजिन लावायचं, हे उत्तर आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की दुसरं काही उत्तर असेल असं सहसा मनात येत नाही. 1930 च्या दशकात नॉर्वेच्या रेल्वेने मात्र वेगळा रस्ता धरला. जादा इंजिन नको, एकच असं दांडगं बांधू की ते एकट्याने गाडी डोंगरापार नेईल. या इंजिनांचं सरकारी नाव 'टाइप 49'. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव 'डोव्रेगुबेन', म्हणजे डोव्रे डोंगरातला म्हातारा राजा. हेन्रिक इब्सेनच्या 'पेर गिंट' नाटकात ट्रोल नावाच्या डोंगरी राक्षसांचा हा राजा भेटतो. एडवर्ड ग्रीगने त्याच्या दरबारासाठी रचलेली, दबक्या पावलांनी सुरू होऊन पिसाट वेगात संपणारी धून तुम्ही कुठे ना कुठे नक्की ऐकली असेल, नाव माहीत नसलं तरी.

नॉर्वेच्या रेल्वेसाठी वाफेची याहून मोठी इंजिनं कधी बांधली गेली नाहीत. आणि बांधली ती फक्त सात. त्यांचा आराखडा पाहिला की एक कोडं पडतं. जवळपास 100 टनांचं हे धूड, पण त्यातलं साधारण 38 टन वजन गाडी ओढणाऱ्या चाकांवर येतच नाही. ओढण्यासाठीच बांधलेल्या इंजिनाने आपलं इतकं वजन बाजूला का ठेवावं? त्या काळच्या रेल्वे इंजिनिअरांची सगळी ओढाताण या एका प्रश्नात आहे.

आधी रस्ता पाहू

राजधानी ऑस्लो दक्षिणेला, जुनं महत्त्वाचं शहर ट्रॉनहाइम उत्तरेला, आणि मध्ये डोंगर. या दोन शहरांमधला पहिला लोहमार्ग पूर्वेच्या रोरोसवरून गेला; त्यातला हामार ते ट्रॉनहाइम तुकडा 1877 मध्ये पूर्ण झाला. पण हामारपासून पुढे तो अरुंद होता, दोन रुळांत 1,067 मिलिमीटर अंतर. दक्षिणेकडची गाडी 1,435 मिलिमीटरच्या रुळांवरची. त्यामुळे हामारला गाडी बदलावी लागे. मिरजेला किंवा मनमाडला मीटरगेजसाठी ट्रंका उचलून धावलेल्या पिढीला यातला वैताग वेगळा सांगायला नको.

सलग रुंद मार्ग हवा म्हणून डोव्रे पठारावरून नवा रस्ता काढला गेला. दक्षिणेकडचे रूळ डोंबॉसपर्यंत 1913 मध्ये पोचले होते. डोंबॉस ते स्टोरेन हा डोंगरातला अवघड तुकडा पुरा झाला आणि 17 सप्टेंबर 1921 रोजी राजे सातवे होकॉन यांच्या हस्ते डोव्रे मार्गाचं उद्घाटन झालं. दुसऱ्याच दिवशी ट्रॉनहाइममधल्या निदाराइड इथे समारंभाच्या पाहुण्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि सहा जण दगावले. मार्गाची सुरुवातच अशी झाली.

आता उंचीचे आकडे. डोंबॉस स्टेशन समुद्रसपाटीपासून 659 मीटरवर. तिथून चाळीसेक किलोमीटरवर येर्किन, 1,017 मीटरवर. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीला तर स्टोरेनपासून, म्हणजे जेमतेम 64 मीटर उंचीवरून, सुमारे 120 किलोमीटर अंतरात तेवढंच वर यायचं. तीव्र चढाच्या जागी प्रमाण हजाराला 18, म्हणजे एक किलोमीटर पुढे गेलं की 18 मीटर वर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. सायकलवाला हसत चढेल. पण लोखंडी चाकं लोखंडी रुळांवर असली की गणित बदलतं.

जोर आहे, पण पाय टिकत नाही

रेल्वे स्वस्तात धावते कारण पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी अडखळतं. दोघांचा एकमेकांना स्पर्श होतो तो बोटाच्या नखाएवढ्या जागेत. सपाटीवर हे वरदान आहे. चढावर हाच गुण उलटतो, कारण ज्या जागेत अडखळणं नाही त्या जागेत पकडही नाही.

ढोबळ हिशेब असा. कोरड्या रुळावर इंजिन जास्तीत जास्त ओढू शकतं ते त्याच्या ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढं. रूळ ओले असले, त्यावर दंव किंवा पाला असला, की तेवढंही नाही. त्यापेक्षा जास्त जोर लावला तर चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून इंजिनावर वाळूचा डबा असतो. ड्रायव्हर चाकांपुढे वाळू सोडतो आणि चाकाला रूळ धरता येतो.

म्हणजे बॉयलर कितीही मोठा बांधा, ओढणाऱ्या चाकांवर पुरेसं वजन नसेल तर त्यातली ताकद रुळापर्यंत पोचणारच नाही. डोंगराचं मागणं सरळ आहे: जड व्हा.

रुळांचं म्हणणं वेगळंच

इंजिनाचं वजन शेवटी चाकांच्या जोडीतून रुळावर उतरतं. दोन चाकांना जोडणारा दांडा म्हणजे आस, आणि एका आसावरून रुळावर येणारं वजन म्हणजे 'अ‍ॅक्सल लोड'. रूळ किती जाड, खालचे स्लीपर किती जवळ, पूल किती भक्कम यावरून प्रत्येक मार्गाचा अ‍ॅक्सल लोड ठरलेला असतो. तो ओलांडला तर रूळ वाकतात, पुलांचं आयुष्य घटतं.

टाइप 49 चा अ‍ॅक्सल लोड होता साडेपंधरा टन. आपल्याकडे 1950 पासून देशभर मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी इंजिनांचा सुमारे साडेअठरा टन होता. म्हणजे नॉर्वेचा डोंगरराजा या एका बाबतीत आपल्या साध्या मालगाडीच्या इंजिनापेक्षा हलक्या पावलांचा होता. त्याला दुसरा इलाजच नव्हता.

मग सगळे रूळच बदलून जाड का टाकले नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑस्लो ते ट्रॉनहाइम मार्ग साडेपाचशे किलोमीटरचा. त्यातले पूल, भराव, वळणं धरा. 1930 मध्ये अख्ख्या नॉर्वेची लोकसंख्या 28 लाखांच्या आसपास होती. इतक्या विरळ वस्तीच्या देशात दिवसाकाठी मोजक्या गाड्यांसाठी सगळा मार्ग उपसणं कुणाला परवडणार? इंजिन बदलणं स्वस्त पडतं. त्यामुळे रूळ आहेत तसे धरायचे आणि त्यांच्या अटीत बसेल असं इंजिन आखायचं, असं ठरलं.

अट काय झाली? ओढणारे आस चार, प्रत्येकावर साडेपंधरा टन. एकूण 62 टन. पाव हिस्सा धरला तर सुमारे 15 टनांची ओढ. पाचवा ओढणारा आस टाकला असता तर पकड वाढली असती, पण एका कण्याला जोडलेले पाच आस वळणांत अवघड जातात आणि प्रवासी गाडीच्या वेगाला मानवत नाहीत. डोव्रेवरून रात्रीच्या आणि दिवसाच्या एक्सप्रेस न्यायच्या होत्या, फक्त लाकूड वाहायचं नव्हतं.

मग ते 38 टन कशासाठी?

आता कोड्याकडे येऊ. 62 टन ओढणाऱ्या चाकांवर. उरलेलं वजन पुढच्या एका आणि मागच्या दोन आसांवर. ही चाकं नुसती फिरतात, ओढत नाहीत. युरोपीय पद्धतीत ही रचना '1-डी-2' अशी लिहितात. पुढे एक, मध्ये चार, मागे दोन. अमेरिकेत याच रचनेला 'बर्कशायर' म्हणत. तिथल्या लिमा कारखान्याने 1925 मध्ये असं इंजिन बर्कशायर टेकड्यांतल्या चढांसाठी आणलं होतं. डोंगर वेगळा असला तरी दुखणं तेच होतं.

पुढचा आस समजायला सोपा. तो इंजिनाला वळणात वाट दाखवतो. मागचे दोन आस मात्र या आराखड्याचं मर्म आहेत आणि इथे थोडं थांबायला हवं.

वाफेचं इंजिन दमतं ते बहुतेक वेळा सिलिंडरमुळे नाही, भट्टीमुळे. कोळसा ज्या लोखंडी जाळीवर जळतो तिचा आकार ठरवतो की तासाला किती कोळसा जाळता येईल, आणि त्यावरून ठरतं किती वाफ होईल. लग्नाच्या पंगतीचं पातेलं घरच्या शेगडीवर ठेवलं तर काय होईल? पाणी गरम होईल, पण उकळी टिकणार नाही. दोन वाढप्यांनी डाव घातला की थंड. डोव्रे मार्गावर आधी धावणाऱ्या टाइप 31बी इंजिनांना पुढे दोन मार्गदर्शक आस आणि मध्ये चार ओढणारे आस होते, मागे आधाराला काहीच नव्हतं. त्यामुळे भट्टी ओढणाऱ्या चाकांच्या वर किंवा मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबावी लागे. रुंदीला मर्यादा आणि खोलीलाही.

टाइप 49 मध्ये भट्टी चाकांच्या मागे सरकवली आणि तिच्याखाली दोन लहान आसांची गाडी दिली. आता भट्टीला पसरायला जागा मिळाली. जाळी सुमारे 5 चौरस मीटरची झाली. हाताने फावड्याने कोळसा टाकायचा तर एका फायरमनच्या आवाक्याची हद्द साधारण इथेच येते. अमेरिकेतल्या बर्कशायरना यांत्रिक कोळसाभरणी होती, म्हणून त्यांच्या जाळ्या याच्या जवळजवळ दुप्पट.

तर त्या 38 टनांचं काम ओढण्याचं नाही, वाफ पुरवत राहण्याचं आहे. चार आस पकड देतात, बाकीचे तीन दम देतात. माझ्या मते टाइप 49 चं कौतुक करायचं ते याचसाठी. आकाराने दिपून जाणं सोपं आहे. पण रुळांची अट न मोडता दोन्ही गोष्टी एका सांगाड्यात बसवल्या, ही खरी करामत.

प्रत्यक्ष हिशेब

समजा 300 टनांची प्रवासी गाडी आहे. इंजिन आणि मागचा कोळसा-पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, मिळून दीडशे टनांच्या आसपास. एकूण 450 टन. हजाराला 18 चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 8 टनांहून थोडी जास्त ओढ लागते. त्यात चाकांचं घर्षण, वळणं, वारा धरून आणखी दोन टन. म्हणजे दहा टनांच्या वर. पकड 15 टनांची, तीही कोरड्या रुळांवर. डोव्रे पठारावर वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतं, त्यामुळे हाताशी राखलेलं हे अंतर चैनीचं नव्हतं.

हीच ओढ ताशी 50 किलोमीटर वेगाने टिकवायची तर सुमारे 1,900 अश्वशक्ती लागते. वाफेच्या चांगल्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक किलो कोळसा खर्चावा लागे. म्हणजे तासाला दोन टनांच्या आसपास, फावड्याने, हलत्या फळीवर उभं राहून.

आणि यातली बोचरी गोष्ट पाहा. 450 टनांतले 150 टन इंजिनाचे स्वतःचेच आहेत. तीन फावडी कोळशातलं एक फावडं इंजिन स्वतःला डोंगरावर चढवण्यासाठी जाळतं. डोंगर जड हो म्हणतो आणि जड झाल्याचा दंडही वसूल करतो.

एकच वाफ दोनदा

कोळसा नॉर्वेच्या मुख्य भूमीवर मिळत नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर तेव्हा थोडा निघे, बाकी बाहेरून जहाजाने आणायचा. पहिल्या महायुद्धात हे किती महाग पडतं ते देशाने सोसलं होतं. म्हणून टाइप 49 मध्ये वाफ काटकसरीने वापरणारी रचना घेतली. तिला 'कंपाउंड' म्हणतात.

साध्या इंजिनात बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये येते, दट्ट्या ढकलते आणि धुराड्यातून निघून जाते. निघतानाही तिच्यात जोर शिल्लक असतो. कंपाउंड इंजिनात ती आधी दोन लहान सिलिंडरांत काम करते, मग तीच सैल पडलेली वाफ दोन मोठ्या सिलिंडरांत जाऊन पुन्हा काम करते. चार सिलिंडर असल्याने आतले आणि बाहेरचे दट्ट्ये एकमेकांविरुद्ध हलवता येतात, त्यामुळे रुळावर बसणारे हादरेही कमी होतात. रुळांची नाजूक अट आठवली तर हा फायदा छोटा नव्हता.

बदल्यात काय द्यावं लागलं? गुंतागुंत. आतल्या सिलिंडरांपाशी पोचायचं म्हणजे कारागिराने खड्ड्यात उतरून इंजिनाच्या पोटाखाली शिरायचं. भारतीय रेल्वेची डब्ल्यूपी, डब्ल्यूजी ही गाजलेली इंजिनं दोन साध्या सिलिंडरांची होती ती यामुळेच. कोळसा देशातच होता आणि लहानसहान शेडमध्येही दुरुस्ती व्हायला हवी होती. नॉर्वेचं गणित वेगळं, म्हणून उत्तर वेगळं.

"आपला घाट तर याहून उभा आहे!"

बरोबर. बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे हजाराला 27. डोव्रेच्या दीडपट. मग आपण बँकर लावून मोकळे झालो आणि नॉर्वेवाल्यांनी एवढा खटाटोप केला, असं का?

फरक लांबीचा आहे. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर. चढ उभा, पण तुकडा छोटा. तेवढ्यासाठी इंजिनं पायथ्याशी ठेवायची, वर न्यायची, परत आणायची, हे परवडतं. उत्तरेकडून येणारी डोव्रेची गाडी मात्र 120 किलोमीटर चढत असते, कधी कमी, कधी जास्त. इतक्या लांब बँकर पाठवला तर तो बँकर राहतच नाही, ते दुसरं पूर्ण इंजिनच झालं. शिवाय छोट्या घाटात बॉयलर थोडा दमला तरी वरती सपाटी येते. लांब चढावर दमलेला बॉयलर सावरायला जागा नसते. म्हणूनच ती मोठी भट्टी.

"मग दोन लहान इंजिनं पुढे जोडायची"

तेही करत होते. गाड्या जड होत गेल्या तशी टाइप 31बी सारखी इंजिनं जोडीने लावावी लागत. पण दोन इंजिनं म्हणजे दोन ड्रायव्हर, दोन फायरमन, दोन भट्ट्या पेटवणं, दोन्हींची राख काढणं. दोन इंजिनांच्या ड्रायव्हरांनी एकमेकांना न पाहता, फक्त शिट्टीच्या खुणांवर ताळमेळ ठेवायचा. वाफेच्या काळात सर्वांत महाग गोष्ट कधीकधी कोळसा नसे, माणसं असत.

"पाण्यावरची वीज एवढी, तर कोळसा कशाला?"

हा आक्षेप सर्वांत जोरकस. नॉर्वेत धबधब्यांची कमी नाही, आणि तिथल्या रेल्वेलाही हे ठाऊक होतं. ऑस्लो-द्राम्मेन मार्ग 1922 मध्ये विजेवर आला. उत्तरेकडचा ओफोतेन मार्ग, जिथून स्वीडनचं लोहखनिज नार्विक बंदरात उतरतं, तो 1923 मध्ये. देशातल्या सर्वांत जड गाड्या ओढण्याचं काम वाफेकडून तेव्हाच सुटलं होतं.

पण विजेचा खर्च आधी करावा लागतो. तारा, खांब, उपकेंद्रं यांचे पैसे गाडी एक धावो की पन्नास, सारखेच. त्यामुळे जिथे गाड्या दाट तिथे आधी तारा. आपल्याकडेही तेच झालं. मुंबई-पुणे मार्ग 1930 च्या सुमारास विजेवर आला आणि 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी डब्ल्यूसीजी-1 इंजिनं घाट चढू लागली. त्यांचे सहाही आस ओढणारे होते. गंमत अशी की ऑस्लोत टाइप 49 ची जुळवणी चालू होती तेव्हा आपल्या घाटातल्या मुख्य गाड्यांवरून वाफ निघूनही गेली होती. डोव्रेवर गाड्या विरळ, अंतर मोठं. त्याचा नंबर लागायला 1970 उजाडलं.

सातावर गाडी का थांबली

पहिलं इंजिन, क्रमांक 463, ऑस्लोच्या टुने कारखान्यातून 1935 मध्ये बाहेर पडलं. पुढच्या वर्षापर्यंत टुने आणि हामारच्या कारखान्यांनी मिळून तिघांची तुकडी पुरी केली. त्यानंतरची दोन 1940 मध्ये जर्मनीच्या क्रुपकडून आली आणि शेवटची दोन 1941 मध्ये टुनेतून. 1940 या वर्षाने सगळं बदललं होतं.

9 एप्रिल 1940 ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. डोव्रे मार्गाचं मोल शत्रूलाही माहीत होतं. 14 एप्रिलला जर्मन छत्रीधारी सैनिक डोंबॉसजवळ उतरवले गेले ते हा रस्ता तोडण्यासाठी. त्याच दिवसांत नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचं सोनं रेल्वेने लिलेहामरहून डोंबॉसमार्गे पश्चिम किनाऱ्यावरच्या ओन्दाल्सनेसला पोचवलं जात होतं. जवळपास 50 टन सोनं. डोव्रेगुबेनच्या इतिहासात लोक हे ओढून ताणून बसवतात. मी बसवणार नाही. रस्ता तोच, एवढंच.

युद्धाने नॉर्वेला अगदी वेगळ्या जातीची जड इंजिनंही दिली. जर्मनीने 1942 पासून बांधलेली 'क्लास 52' ही युद्धकाळातली इंजिनं, युरोपभर सहा हजारांहून जास्त. युद्ध संपलं तेव्हा त्यातली 74 नॉर्वेत राहिली. तिथल्या रेल्वेने त्यांना टाइप 63 म्हटलं, लोकांनी 'स्टुरटिस्कर', म्हणजे मोठा जर्मन.

या दोघांना शेजारी ठेवलं की वरचा सगळा धडा डोळ्यांसमोर येतो. टाइप 63 चं इंजिन 84 टनांचं, टाइप 49 पेक्षा हलकं. पण त्याचे ओढणारे आस पाच, आणि पकडीच्या कामी येणारं वजन 75 टनांच्या आसपास. जाळी मात्र 4 चौरस मीटरहून कमी. सिलिंडर दोनच, वाफ एकदाच वापरायची, जे जे टाळता येईल ते टाळलेलं. मालगाडी हळू ओढायची तर हे इंजिन सरस. एक्सप्रेस वेगात डोंगरावर न्यायची तर टाइप 49. जड इंजिन म्हटल्यावर कुणी विचारावं, कुठे जड?

डिझेल जास्त ताकदवान होतं का?

तसं सरसकट म्हणता येत नाही. 1950 च्या दशकात स्वीडनच्या नोहॅब कारखान्याने अमेरिकन जनरल मोटर्सच्या आराखड्यावर बांधलेली 'डीआय 3' डिझेल इंजिनं नॉर्वेत आली. त्यांची ताकद 1,750 अश्वशक्ती. वर काढलेला आकडा पाहा: वाफेच्या राजाला चढावर याहून जास्त देणं भाग होतं.

पण डिझेलचं 102 टन वजन सहा आसांवर, आणि मूळच्या 'डीआय 3ए' मध्ये सहाही आस ओढणारे. एक किलोही बाजूला ठेवलेला नाही. भट्टीच नाही, त्यामुळे तिला आधार द्यायला वेगळी चाकं नकोत. वाफेच्या इंजिनाला जी तडजोड करणं भाग होतं ती इथे उरलीच नाही. सरकते दांडे आणि दट्ट्ये नसल्याने रुळावरचे घावही गेले. दोन डिझेल इंजिनं तारेने जोडून एकाच ड्रायव्हरने चालवता येतात, म्हणजे जोडीने ओढण्याचा जुना खर्चही संपला. पाणी भरायला थांबा नको, राख काढायला नको, इंजिन फिरवायला चक्री नको.

डोव्रेगुबेन इंजिनं 1958 पर्यंत सेवेतून गेली. शेवटची जोडी टुनेतून निघाल्याला तेव्हा सतराच वर्षं झाली होती. वाफेची इंजिनं चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकत, म्हणून हे आयुष्य फार कमी वाटतं. मला यात अपयश दिसत नाही. एका ठराविक रस्त्यासाठी, ठराविक अटीत, नेमकं बेतलेलं यंत्र होतं ते. अटच बदलली की असं यंत्र दुसरीकडे कुठे न्यायचं? साधेसुधे मोठे जर्मन मात्र कुठेही चालले आणि डोव्रेगुबेननंतरही काही वर्षं मालगाड्या ओढत राहिले.

सातांपैकी क्रुपने बांधलेलं 470 क्रमांकाचं इंजिन हामारच्या नॉर्वेजियन रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मोठ्या जर्मनांपैकी एक, क्रमांक 5865, इंग्लंडमधल्या ब्रेसिंगहॅमच्या संग्रहात पोचलं, आणि तिथे त्याला नाव मिळालं 'पेर गिंट'. नाटकात हा पेर डोंगरराजाच्या दरबारातून कसाबसा सुटतो.

डोव्रेवरच्या तारा 1 नोव्हेंबर 1970 ला ट्रॉनहाइमपर्यंत पूर्ण झाल्या. हजाराला 18 चा चढ आहे तिथेच आहे.